सर जमशेटजींची मेजवानी आणि रुग्णालयातला फ्रिज

मुंबईचे जे. जे. रुग्णालय नळदुर्गपासून नंदुरबारपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. ही दोन अक्षरे ज्यांच्या नावाची, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या आयुष्यात बर्फाचाही एक प्रसंग आहे.

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. बालपण नवसारीत हलाखीत गेले. आईवडील गेल्यावर सोळाव्या वर्षी ते मुंबईत आले आणि मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात शिरले. पुढे चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ मध्ये फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले आणि त्यांना केप ऑफ गुड होपला नेले. तिथून ते जवळपास रिकाम्या हाताने परतले. त्यानंतर कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अफाट संपत्ती मिळवली. अफूने चीनमध्ये काय केले, हे त्या संपत्तीबद्दल बोलताना विसरता येत नाही.

त्याच काळात अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात दाबून जहाजाने भारतात येऊ लागला. १८३३ मध्ये बोस्टनहून कोलकात्याला निघालेल्या जहाजात १८० टन बर्फ होता. चार महिन्यांनी त्यातला सुमारे १०० टन उरला. पुढच्या वर्षी मुंबईतही बर्फ आला. जमशेटजींनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढले. नंतर यजमान आणि पाहुणे, दोघांनाही सर्दी झाली आणि गावभर चर्चा झाली, असे सांगितले जाते.

दोष आइस्क्रीमच्या माथी गेला. पण सर्दी विषाणूंमुळे होते, गारव्यामुळे नव्हे. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हते. खरा धोका वेगळाच असतो. दुधाचा पदार्थ अर्धवट वितळून कोमट राहिला, की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. थंडी त्यांना मारत नाही, फक्त त्यांची वाढ मंदावते.

जमशेटजींचे खरे मोठेपण मेजवानीत नव्हते. गरिबांना उपचार मिळावेत म्हणून त्यांनी एक लाख रुपये दिले आणि सरकारने त्यात भर घातली. ३ जानेवारी १८४३ रोजी रुग्णालयाची पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये ते सुरू झाले. त्याच वर्षी शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. त्याआधी १८४२ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला होता. एप्रिल १८५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

समुद्रापलीकडून येणारा तो बर्फ श्रीमंतांच्या ताटापुरता होता. आज उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या नळदुर्गमध्येही अनेक घरांत फ्रिज आहेत. रुग्णालयात तर तो सोयीपेक्षा उपचाराचा भाग आहे. निरोगी माणसाला शिळ्या अन्नाने जुलाब होऊन थांबतील. बाळंतीण, तान्हे मूल, वृद्ध किंवा कर्करुग्ण मात्र त्याने दगावू शकतो. लिस्टेरियासारखा जंतू तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो.

म्हणून काही नियम पाळावेत. फ्रिजचे तापमान ४ अंश किंवा त्याखाली, तर फ्रीझरचे उणे १८ अंश असावे. आत तापमापक ठेवून दिवसातून दोनदा नोंद करावी. दाराचे रबर सैल झाले असेल तर लगेच बदलावे, मागची जाळी पुसावी आणि बर्फाचा थर साचू देऊ नये. शिजवलेले अन्न उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत आत ठेवावे. कच्चे अन्न खाली आणि शिजवलेले वर झाकून ठेवावे. रुग्णाच्या डब्यावर नाव आणि तारीख लिहावी. लसींच्या फ्रिजमध्ये अन्नाचा डबा कधीही ठेवू नये. वीज गेल्यास दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्यानंतर दूध आणि शिजवलेले अन्न टाकून द्यावे. वास चांगला येतो म्हणून ते खाऊ नये, कारण जंतूंना वास असतोच असे नाही.