विश्लेषण : राजपुत्राच्या मेजवानीला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात का गेले? शिरूर-दौंडशी त्याचा संबंध काय?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे ‘प्राडा’च्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि महाराष्ट्रात संताप उसळला. कारागिरांचा साधा उल्लेखही नव्हता, हा मुख्य आक्षेप होता. टीकेनंतर कंपनीने भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. कष्टकऱ्यांचा पेहराव वापरायचा, पण कष्टकरी मात्र दिसू द्यायचा नाही, हा वाद नवा नाही. १८८८ मध्ये पुण्यात तर असा पेहराव केलेल्या माणसाला दारातच अडवण्यात आले होते. तो माणूस होता जोतीराव फुले.

२ मार्च १८८८ रोजी काय घडले?

राणी व्हिक्टोरिया यांचे पुत्र ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली होती. प्रतिष्ठित पाहुणे उंची पोशाखात आले होते. फुले मात्र डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी आणि पायात तुटक्या वहाणा अशा वेशात पोहोचले. पहारेकऱ्यांनी त्यांना रोखले. ते निमंत्रित पाहुणे असल्याचे चिपळूणकर यांनी सांगितल्यावरच त्यांना आत प्रवेश मिळाला.

नंतर फुले बोलायला उभे राहिले. इथले दागिने आणि भरजरी कपडे पाहून रयत सुखी आहे असे समजू नका, खेड्यात जाऊन पाहा आणि तिथल्या जनतेला शिक्षणाची गरज असल्याचे राणीला कळवा, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

हा त्यांचा रोजचा पोशाख होता का?

नाही. ११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेले फुले तोपर्यंत नामांकित व्यक्ती होते. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. बांधकाम कंत्राटदार म्हणूनही त्यांचा जम बसला होता. चांगले कपडे घालून जाणे त्यांना सहज शक्य होते. त्यामुळे तो वेश म्हणजे नाइलाज नव्हता, तर विचारपूर्वक केलेली निवड होती.

शिरूर-दौंडचा संबंध काय?

फुले ज्या शेतकऱ्याचा वेश घालून गेले, त्याची अवस्था याच पट्ट्यात सर्वांत आधी चव्हाट्यावर आली होती. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखांचे घर पाडले. गावाने त्या सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगल झाली. आजचा दौंड परिसर याच भीमथडीचा भाग होता, तर सुपे आता बारामती तालुक्यात आहे. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. हे लोण शिरूरसह पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आणला. तरीही शेतसारा, कर्ज आणि निरक्षरतेचा फास सुटला नाही. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात फुले यांनी हीच स्थिती मांडली. जे त्यांनी तिथे लिहिले, तेच पाच वर्षांनी अंगावर घालून दाखवले.

पुढे काय झाले?

११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लेखन सुरू ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

आज मुंडासे, घोंगडी आणि वहाणा फोटोशूटमध्येही दिसतात. फुले यांनी मात्र ते कपडे ज्यांचे होते, त्यांचा प्रश्नही सोबत नेला होता. मेजवानीतील तो वेश म्हणूनच आजही विसरला गेलेला नाही.