विल्यम जेनिंग्ज ब्रायन

उत्क्रांतीचें प्रकरण वर्गांत निघालें कीं एक प्रश्न ठरलेला असतो: हें खरें, कीं उत्पत्तीच्या पुस्तकांतील पहिला अध्याय खरा? या वादांत ज्यांचें नांव नेहमीं निघतें, आणि बहुधा उपहासानेंच निघतें, त्या ब्रायन यांचें चरित्र वाचकांस थोडक्यांत सादर करण्याचा आमचा विचार आहे. हे गृहस्थ केवळ उपहासाचे धनी होते असें आम्हांस वाटत नाहीं.

ब्रायन यांचा जन्म ता. १९ मार्च १८६० रोजीं अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत, सेलम या गांवीं झाला. वडील न्यायाधीश असून बाप्तिस्त मंडळीचे होते; आई मेथडिस्ट; आणि चिरंजीव चौदाव्या वर्षीं प्रेस्बिटेरियन झाले. एका घरांत तीन मंडळ्या! सन १८८१ मध्यें पदवी घेऊन ते वकील झाले व पुढें नेब्रास्कांतील लिंकन शहरीं जाऊन राहिले. त्यांच्या पत्नी मेरी यांनींही लग्नानंतर कायद्याचा अभ्यास करून सनद मिळविली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

त्या काळीं कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांची बाजू त्यांनीं घेतली. सन १८९६ मध्यें शिकागो येथें केलेल्या एकाच भाषणानें सारी सभा त्यांनीं जिंकली, आणि अवघ्या ३६ व्या वर्षीं डेमोक्रॅटिक पक्षानें अध्यक्षपदासाठीं त्यांस उभें केलें. आगगाडीनें सुमारें १८,००० मैल फिरूनही ते हरले. १९०० व १९०८ सालींही हरले. प्राप्तीवरील कर, स्त्रियांचा मताधिकार अशा ज्या सुधारणांचा त्यांनीं पुरस्कार केला, त्यांतील कित्येक पुढें अमलांत आल्या. सन १९०६ मध्यें जगप्रवासांत ते हिंदुस्थानांत आले असतां येथील दारिद्र्य, करांचा बोजा व निरक्षरता पाहून इंग्रजी राज्यावर कडक टीका करणारा लेख त्यांनीं लिहिला. १९१३ सालीं ते परराष्ट्रमंत्री झाले. पण देश युद्धाकडे ओढला जात आहे असें दिसतांच १९१५ मध्यें त्यांनीं तें पद सोडलें.

मग असा लोकांचा कैवारी शास्त्राच्या आड कां आला? महायुद्धांतील जर्मन सेनाधिकारी जीवनकलहाच्या तत्त्वानें आपल्या आक्रमणाचें समर्थन करीत असत, असें त्यांच्या वाचनांत आलें. बळी तो कान पिळी हाच सृष्टीचा नियम म्हणून मुलांस शिकविला, तर दुबळ्यांचा वाली कोण, ही त्यांची धास्ती होती. ती अगदींच निराधार नव्हती. ज्या पाठ्यपुस्तकावरून पुढें खटला झाला, त्यांत मानववंशांची प्रतवारी लावून गोऱ्यांस अग्रस्थान दिलें होतें! परंतु सृष्टींत काय घडलें हें सांगणें वेगळें, आणि माणसानें कसें वागावें हें सांगणें वेगळें. हा भेद ब्रायन यांनीं पाळला नाहीं. शिवाय पुराव्याकडे त्यांनीं पाठ फिरविली. जीवाश्मांचा साक्षीपुरावा त्यांच्या काळींही थोडाथोडका नव्हता. प्रभूवर श्रद्धा ठेवणारे आम्ही हें प्रकरण वर्गांत निःशंकपणें शिकवितों.

मार्च १९२५ मध्यें टेनेसी संस्थानानें सरकारी शाळांतून मनुष्य खालच्या प्राण्यांपासून झाला असें शिकविण्यास बंदी केली व १०० ते ५०० डॉलर दंड ठेवला. दंडाचें कलम घालूं नये, असा ब्रायन यांचा सल्ला होता. तो मानला गेला नाहीं. डेटन गांवचे २४ वर्षांचे शिक्षक जॉन स्कोप्स यांनीं या कायद्याची कसोटी लागावी म्हणून आरोपी होण्याचें कबूल केलें. योगायोग असा कीं, १९१९ सालीं सेलमच्या हायस्कुलांतून ते बाहेर पडले, तेव्हां समारंभाचे वक्ते ब्रायनच होते. पाठ्यपुस्तक संस्थानानेंच मंजूर केलेलें होतें. एका हातानें पुस्तक द्यावयाचें आणि दुसऱ्या हातानें तेंच शिकविल्याबद्दल दंड करावयाचा! शिक्षकानें करावें तरी काय?

ता. २० जुलै रोजीं न्यायालय उन्हाळ्यामुळें बाहेर झाडांखालीं भरलें होतें. आरोपीचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनीं फिर्यादी पक्षाच्या ब्रायन यांसच साक्षीस बोलाविलें. कोणे एके काळीं हेच डॅरो निवडणुकींत ब्रायन यांच्या बाजूचे होते. योनाचा मासा, यहोशवानें थांबविलेला सूर्य, काइनाची बायको, असे प्रश्नांवर प्रश्न सुमारें दोन तास चालले. शेवटीं सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असें नाहीं, असें ब्रायन यांनीं मान्य केलें. आमच्या मतें त्या दुपारचें त्यांचें हें सर्वांत शहाणपणाचें उत्तर होय. पण त्यांच्याच पक्षांतील अनेकांस तें रुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं न्यायाधीशांनीं ती साक्ष रद्द केली. डॅरो यांनींच दोषी ठरविण्याची मागणी केल्यामुळें समारोपाचीं भाषणें झालीं नाहींत, आणि पंचांनीं नऊ मिनिटांत निकाल दिला. दंड १०० डॉलर.

ब्रायन यांचें मोठें भाषण खिशांतच राहिलें. तें छापून घेण्याच्या खटपटींत पांच दिवस गेले. रविवार ता. २६ जुलै रोजीं उपासनेहून परत आल्यावर जेवून ते डेटन येथेंच आडवे झाले, आणि झोपेंतच त्यांचा प्राण गेला.

दंडाची रक्कम पंचांऐवजीं न्यायाधीशांनीं ठरविली, या कारणास्तव १९२७ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें अशी बंदी घटनेविरुद्ध ठरविली. तेव्हां स्कोप्स हयात होते. खटल्यानंतर शिक्षकाचा पेशा सोडून ते भूगर्भशास्त्र शिकले व त्याच विद्येवर त्यांनीं आपला चरितार्थ चालविला.