सर बर्नार्ड स्पिल्सबरी : शवविच्छेदनाच्या टेबलावरून साक्षीच्या पिंजऱ्यात

गुन्ह्याच्या तपासात डॉक्टरांच्या साक्षीला आज जे महत्त्व आहे, ते मिळवून देण्यात ब्रिटनचे सर बर्नार्ड स्पिल्सबरी यांचा मोठा वाटा होता. त्या साक्षीला अवाजवी वजन आले की काय घडते, याचा धडाही त्यांच्याच कारकिर्दीने दिला.

१६ मे १८७७ रोजी लेमिंग्टन स्पा येथे जन्मलेले स्पिल्सबरी ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात आले आणि तेथेच विकृतिशास्त्राकडे वळले. १९१०च्या क्रिपेन खटल्याने त्यांना प्रसिद्धी मिळाली. तळघरात सापडलेल्या कातडीच्या तुकड्यावरील खूण शस्त्रक्रियेचा व्रण असल्याचे त्यांनी सांगितले. ती केवळ घडी असल्याचे बचाव पक्षाचे म्हणणे होते. क्रिपेनला फाशी झाली. १९१५ मध्ये पत्नींना टबात बुडवून मारणाऱ्या जॉर्ज जोसेफ स्मिथच्या खटल्यातही त्यांची साक्ष मोलाची ठरली. १९२३ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

प्रत्येक शवविच्छेदनाची नोंद ते स्वतःच्या हाताने कार्डावर करीत. १९२४ मध्ये एका खुनाच्या जागी पोलीस उघड्या हातांनी अवशेष गोळा करताना त्यांना दिसले. त्यातूनच रबरी हातमोजे, चिमटे, मोजपट्टी आणि पुराव्यासाठी पिशव्या असलेली तपास-पेटी स्कॉटलंड यार्डात आली.

मात्र १९२५ मधील नॉर्मन थॉर्न खटल्याने या कीर्तीची दुसरी बाजू दाखवली. ससेक्समधील या कोंबडीपालकाने प्रेयसीचा मृतदेह तुकडे करून पुरला होता. तिने गळफास घेतला, असा त्याचा बचाव होता. मारहाणीच्या खुणा असल्याचे आणि मानेवर दोराचा वळ नसल्याचे स्पिल्सबरी यांनी सांगितले. पण मानेच्या त्वचेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी त्यांनी केलीच नव्हती. दुसऱ्यांदा शवविच्छेदन करणारे डॉ. रॉबर्ट ब्रॉन्टी यांना त्याच मानेवर वळाच्या खुणा आढळल्या. ज्युरींनी स्पिल्सबरी यांच्यावर विश्वास ठेवला. २२ एप्रिल १९२५ रोजी थॉर्नला फाशी झाली. निकालाविषयीची शंका मात्र मिटली नाही.

स्पिल्सबरी एकट्याने काम करीत. त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिले नाही आणि आपले मत सहसा बदलले नाही. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात एक मुलगा गेला, १९४५ मध्ये दुसरा क्षयाने दगावला. प्रकृतीही खालावली. १७ डिसेंबर १९४७ रोजी लंडनमधील आपल्या प्रयोगशाळेत त्यांनी जीवनयात्रा संपवली.

त्यांच्या हस्ताक्षरातील हजारो कार्डे २००८ मध्ये लंडनच्या वेलकम ग्रंथालयाने मिळवली. जखमेची जागा, लांबी, खोली आणि रंग काटेकोरपणे लिहिला, तर दुसरा तज्ज्ञ अनेक वर्षांनीही निष्कर्ष पडताळू शकतो. जे तपासलेच नाही, त्याची भरपाई मात्र कोणाच्याही नावलौकिकाने होत नाही.