मराठीचे खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरं: फादर स्टीफन्स यांची ४०० वर्षांपूर्वीची गोष्ट

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही मराठी कशी लिहिता? देवनागरीत की एबीसीडीत? परवा सेवाग्रामहून वर्ध्याला येताना ऑटोत शेजारचा पोरगा भराभर टाइप करत होता. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. घाईत असलो की मीपण तेच करतो. आपल्याला वाटतं ही सवय मोबाइलने लावली. पण मराठीतलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक मानलं जातं ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन अक्षरांतच छापलं गेलं होतं. ते लिहिणारा माणूस इंग्रज होता, आणि इथली पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत म्हणून तो अनेक वर्षं धडपडत होता.

हे फादर थॉमस स्टीफन्स. जन्म १५४९ चा, इंग्लंडच्या विल्टशर भागातला, वडील व्यापारी. तेव्हा युरोपात काय चाललं होतं ते थोडक्यात बघू, नाहीतर हा माणूस गोव्यात कसा पोचला ते कळणार नाही. १४५० च्या सुमारास जर्मनीत गुटेनबर्गने सुटी अक्षरं जुळवून छपाई सुरू केली. १५१७ मध्ये मार्टिन लुथरने पोपच्या चर्चला आव्हान दिलं आणि छापखान्यांमुळे त्याचं म्हणणं बघता बघता सगळीकडे पोचलं. आजच्या भाषेत, व्हायरल झालं. १५३४ मध्ये इंग्लंडच्या राजानेही पोपशी संबंध तोडले. पुढे एलिझाबेथ राणीच्या काळात कॅथलिक असणं धोक्याचं झालं. स्टीफन्स कॅथलिक. त्यांचा मित्र थॉमस पाउंड त्यांच्यासोबत रोमला जाणार होता, पण तो पकडला गेला आणि कितीतरी वर्षं तुरुंगात राहिला. स्टीफन्स निसटले. १५७५ मध्ये ते रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाले.

एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाज निघालं आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्यात लागलं. या प्रवासावर त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. तंत्रज्ञानाची आवड असलेल्यांनी ते वाचायलाच हवं. सूर्य आणि ताऱ्यांवरून आपण किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत हे खलाशांना काढता यायचं, पण पूर्व-पश्चिम किती सरकलो हे कळायला आकाशात पक्की खूणच नव्हती. म्हणजे अर्धंच जीपीएस! मग पाण्यावरचं गवत, दिसणारे पक्षी यांवरून जमिनीचा अंदाज बांधायचा. जहाजावर १५० हून जास्त लोक आजारी पडले, त्यातले २७ गेले. पुढे हे पत्र लंडनमध्ये छापलं गेलं. १५८३ मध्ये राल्फ फिच आणि त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांना सोडवायला स्टीफन्स धावले. फिच परत गेला आणि त्याची माहिती १६०० साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कामी आली. एका मदतीचे धागे कुठपर्यंत जातात बघा.

साष्टीतली चाळीस वर्षं

उरलेलं आयुष्य त्यांनी गोव्यात, बहुतेक साष्टी भागात काढलं. हा काळ गोडगोड नव्हता, आणि तो तसा रंगवूही नये. १५६० च्या दशकात पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळं पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी चिडून पाच जेझुइटांना मारलं. त्यात अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुडॉल्फ अक्वाव्हिवाही होते. ते मृतदेह ताब्यात घ्यायचं काम स्टीफन्स यांच्यावर आलं. नंतर पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी बोलावून ठार केलं. स्टीफन्स या सत्तेच्या बाजूनेच आलेले होते. त्यांच्या मराठीचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

पण भाषा मात्र ते मनापासून शिकले. १५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवलं, की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्सने हेच जाहीरपणे मांडलं ते तब्बल २०० वर्षांनी! बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या जागी ऐकायला काही नव्हतं. स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत रचली. जवळपास ११,००० ओव्या, आणि स्वर्गाला शब्द चक्क वैकुंठ. मराठीच्या थोरवीवरच्या त्यातल्या ओव्या तर प्रसिद्धच आहेत.

अडलं कुठे? फॉन्टवर

गोव्यात छापखाना १५५६ पासून होता. निघाला होता इथिओपियाला, राहिला गोव्यात. मग मराठी अक्षरं का छापता येईनात? तेव्हाचा फॉन्ट म्हणजे शिशाचे खिळे. प्रत्येक अक्षर आधी पोलादावर उलटं कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा, मग त्यात शिसं ओतायचं. लॅटिनला २४ अक्षरं पुरायची. आपल्याकडे मात्र क, का, कि, की, वर क्ष, त्र, स्त्र अशी जोडाक्षरं, आणि प्रत्येकाचा खिळा वेगळा. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना कळवलं, की इथल्या भाषेत आणि इथल्या लिपीत छपाई व्हावी ही आपली बऱ्याच वर्षांची इच्छा आहे, पण ६०० च्या आसपास साचे लागतात म्हणून ते अशक्य वाटत आलं. तमिळसाठी खिळे तयार झाले होते, हेही त्यांना ठाऊक होतं. मराठीसाठी झालेच नाहीत.

मग त्यांनी रोमनचीच शिस्त बसवली. ण लिहायचा तर एन दोनदा, ट साठी टी दोनदा, श साठी पोर्तुगीज पद्धतीने एक्स. आपण 'के ए एल' लिहितो आणि समोरच्याने काल, कळ की कल ते ओळखायचं. त्यांच्या पुस्तकात असला गोंधळ कमी. त्यांनी लिहिलेलं कोकणीचं व्याकरणही रायतूर इथे छापलं गेलं, पण १६४० मध्ये. ते स्वतः १६१९ मध्येच गेले.

खिळ्यांचं हे दुखणं पुढे वर्ध्यापर्यंत आलं. राष्ट्रभाषा प्रचार समितीची जुनी पुस्तकं घरी असली तर उघडून बघा. 'इ' च्या जागी 'अि' आणि 'उ' च्या जागी 'अु' दिसेल. काका कालेलकरांच्या पुढाकारातली ही सुधारणा. स्वरांना वेगळी अक्षरं न ठेवता अ लाच मात्रा जोडायच्या, म्हणजे खिळे कमी लागतात. पवनारला विनोबांनीही लोकनागरीचा प्रयोग केला.

मोबाइलने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ तक्त्यात फक्त १२८ जागा आहेत आणि क्ष ला त्यात जागाच नाही. तुम्ही क, मग हलन्त, मग ष दाबता. साठवली जातात ही तीनच चिन्हं, आणि पडद्यावर जोडाक्षर घडवायचं काम फॉन्ट करतो. त्या ६०० साच्यांची मेहनत आता एका फाइलमध्ये बसते.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. पुस्तक टिकलं ते लोकांनी हाताने उतरवून घेतलं म्हणून. १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं, तेही रोमनमध्येच. लंडनच्या एका संग्रहात मात्र त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत निघाली. शेवटी १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून ते देवनागरीत छापून आणलं, पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी.