शांततेचा हिशेब मांडणारा अर्थतज्ज्ञ

पहिले महायुद्ध संपून सात महिने झाले होते. पॅरिसमधील शांतता परिषद अखेरच्या टप्प्यात असताना, ५ जून १९१९ रोजी, ब्रिटिश अर्थखात्याच्या मुख्य प्रतिनिधीने पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांना पत्र लिहून आपण पद सोडत असल्याचे कळवले. त्याच दिवशी त्यांच्या वयाला ३६ वर्षे पूर्ण होत होती आणि व्हर्सायच्या तहावर सह्या व्हायला अवघे तीन आठवडे उरले होते. पराभूतांवर अन्याय होतो आहे म्हणून जेत्यांच्याच अधिकाऱ्याने बाहेर पडावे, असे प्रसंग इतिहासात विरळाच. जॉन मेनार्ड केन्स हे नाव पुढे मंदी, बेरोजगारी आणि सरकारी खर्च यांच्या चर्चेशी कायमचे जोडले गेले; परंतु जगाला त्यांची पहिली ओळख झाली ती या राजीनाम्याने.

केन्स यांचा जन्म १८८३ मध्ये केंब्रिज येथे झाला. वडील विद्यापीठात अध्यापक होते, तर आई पुढे त्या नगराच्या महापौर झाल्या. ईटन आणि किंग्ज कॉलेज येथे शिक्षण घेतलेले केन्स मूळचे गणिताचे विद्यार्थी. १९०६ च्या सनदी परीक्षेत ते दुसरे आले. पहिल्या आलेल्या उमेदवाराने अर्थखाते निवडल्यामुळे केन्स यांच्या वाट्याला लंडनमधील इंडिया ऑफिस आले. मुंबईला दहा वळू जहाजाने पाठवण्याची व्यवस्था करणे, हे त्यांच्याकडे आलेल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. दोनच वर्षांत ते केंब्रिजला परतले, पण हिंदुस्थानच्या चलनाचा अभ्यास सुटला नाही. १९१३ मधील त्यांचे पहिले पुस्तक याच विषयावर होते. ज्या देशाच्या रुपयाची त्यांनी एवढी बारकाईने चिकित्सा केली, तो देश मात्र त्यांनी कधीच पाहिला नाही.

१९१५ मध्ये ते अर्थखात्यात रुजू झाले आणि युद्धासाठी कर्ज उभारण्याच्या कामात गुंतले. त्यामुळे कोण कोणाचे किती देणे लागतो, हे पॅरिसमध्ये त्यांच्याइतके फार थोड्यांना ठाऊक होते. फ्रान्सची बाजू कमकुवत नव्हती. त्याचा उत्तर भाग बेचिराख झाला होता, खाणी पाण्याखाली गेल्या होत्या. शिवाय १८७१ च्या पराभवानंतर जर्मनीने त्याच्याकडून ५०० कोटी फ्रँकची खंडणी वसूल केली होती. ब्रिटनमध्येही निवडणुकीच्या प्रचारात जर्मनीकडून पै न पै वसूल करण्याची भाषा झाली होती. नागरी नुकसानीच्या भरपाईत सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचा आणि त्यांच्या कुटुंबांच्या भत्त्यांचाही समावेश झाला आणि मागणी फुगली. एकूण किती द्यायचे, हा आकडा तहात लिहिलाच गेला नाही.

राजीनाम्यानंतर ससेक्समधील चार्ल्सटन येथे राहून केन्स यांनी तहाच्या आर्थिक परिणामांवरील आपले पुस्तक लिहिले. ते डिसेंबर १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता अनेक भाषांत पोहोचले. त्यातील युक्तिवाद दयेवर उभा नव्हता. जर्मनीचा कोळसा, जहाजे आणि वसाहती काढून घ्यायच्या आणि त्याच जर्मनीने निर्यात वाढवून कर्ज फेडावे असे म्हणायचे, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. एकूण देणे २०० कोटी पौंड धरावे, त्यातील ५० कोटी ताब्यात घेतलेल्या मालमत्तेपोटी वळते करावेत आणि उरलेले १५० कोटी बिनव्याजी ३० हप्त्यांत घ्यावेत, अशी त्यांची सूचना होती. दोस्तांनीही परस्परांची युद्धकर्जे माफ करावीत, असा त्यांचा आग्रह होता.

१९२१ मध्ये जाहीर झालेला आकडा होता १३,२०० कोटी सुवर्ण मार्क, म्हणजे सुमारे ६६० कोटी पौंड. त्यातील ८,२०० कोटींचे रोखे कागदावरच राहणार, हे जाणकारांना तेव्हाच ठाऊक होते. हप्ते थकल्यावर जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने रुहर व्यापले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. १९२४ आणि १९२९ मध्ये हप्त्यांची फेरमांडणी झाली. १९३२ मध्ये लोझान येथे वसुली जवळजवळ सोडून देण्यात आली. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला.

केन्स यांचे भाकीत खरे ठरले, असे म्हणून येथे थांबणे सोपे आहे. परंतु एटिएन मांतू या तरुण फ्रेंच अर्थतज्ज्ञाने ते मान्य केले नाही. त्याचे वडील पॅरिस परिषदेत दुभाषी होते. हिटलरने शस्त्रसज्जतेवर उधळलेला पैसा पाहता जर्मनीची भरपाई देण्याची ऐपत होती, नव्हती ती इच्छा, असे त्याने दाखवले. तह अन्याय्य असल्याची केन्स यांनी रुजवलेली भावना ब्रिटन आणि अमेरिकेत इतकी खोल गेली की, तो मोडला जात असताना आडवे येण्याचे नैतिक बळच उरले नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप. मांतू एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपण्याच्या उंबरठ्यावर, रणांगणात पडला. त्याचे पुस्तक १९४६ मध्ये, मृत्यूनंतर आले.

दुसऱ्या महायुद्धाने केन्स यांना पुन्हा त्याच प्रश्नापाशी आणले, मात्र या वेळी ऋणकोच्या बाजूने. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत चिंतामणराव देशमुख यांचा समावेश असलेल्या हिंदी शिष्टमंडळाने लंडनमध्ये साचलेल्या स्टर्लिंग शिलकेचा प्रश्न मांडला. ही रक्कम पुढे सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. युद्धासाठी पुरवलेल्या मालाची आणि सेवांची ती किंमत होती. त्याच काळात हिंदुस्थान महागाईत आणि बंगाल १९४३ च्या दुष्काळात होरपळला होता. ब्रिटन देणे नाकारणार नाही, अशी हमी केन्स यांनी दिली. तरीही अशा देण्यांचा काही भाग धनकोंनी सोडून द्यावा, असेच त्यांना वाटत होते. जर्मनीबाबत धनकोच्या हिताचा वाटणारा हा युक्तिवाद एका दरिद्री वसाहतीपुढे मात्र वेगळा दिसत होता. अमेरिकेकडे ते मदत मागायला गेले आणि डिसेंबर १९४५ मध्ये दोन टक्के व्याजाचे ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घेऊन परतले.

२१ एप्रिल १९४६ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी ससेक्समधील आपल्या घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील स्मृतिप्रार्थनेला त्यांचे वृद्ध आई-वडील उपस्थित होते.

१९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे कर्ज जवळपास निम्म्याने कमी करण्यात आले आणि फेड त्या देशाच्या निर्यातक्षमतेशी जोडली गेली. चौतीस वर्षांपूर्वी नाकारलेला विचार दुसऱ्या महायुद्धानंतर व्यवहारात उतरला. व्हर्सायच्या भरपाईसाठी काढलेल्या रोख्यांवरील व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला. तोवर त्या तहावर सही करणाऱ्यांपैकी कोणीही हयात नव्हते.