मातांचे बोलणे ऐकणारा नेत्रवैद्य

गर्भाशय हा अभेद्य दुर्ग आहे, बाहेरची रोगराई त्याच्या तटाशीच थांबते आणि अपत्य व्यंग घेऊन जन्मले तर तो रक्तातील दोष, ही समजूत १९४१ पर्यंत वैद्यकशास्त्रातही दृढमूल होती. तिला मोठा तडा गेला तो सिडनीतील एका व्यवसायी नेत्रवैद्यामुळे.

नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग यांचा जन्म १८९२ चा. सिडनी विद्यापीठाची वैद्यकीय पदवी १९१५ मध्ये प्रथम वर्गात मिळवून ते महायुद्धावर गेले आणि शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉसचे मानकरी ठरले. पुढे इंग्लंडात नेत्रचिकित्सेचे शिक्षण घेऊन १९२३ मध्ये ते सिडनीस परतले.

१९४१ मध्ये त्यांच्याकडे जन्मतःच दाट पांढरा मोतीबिंदू असलेली अर्भके एकामागून एक येऊ लागली. बाळे कृश, दूध पाजणे कठीण, पुष्कळांचे हृदयही सदोष. इतक्या घरांत आनुवंशिक दोष एकाच वर्षी कसा उद्भवावा? प्रतीक्षागृहातील माता गर्भारपणी झालेल्या जर्मन गोवराविषयी, म्हणजे रुबेलाविषयी, आपसांत बोलत होत्या आणि ते ग्रेग यांच्या कानी पडले, असे सांगतात. असले बोलणे बायकांच्या गप्पा म्हणून सोडून देणारे डॉक्टर थोडे नसतात! ग्रेग यांनी बाळांच्या वयांवरून मागे हिशेब केला. गर्भारपणाचे आरंभीचे महिने १९४० मधील साथीच्या ऐन भरात येत होते. सहकाऱ्यांकडील रुग्ण धरून ७८ अर्भके झाली. त्यांपैकी ६८ जणांच्या मातांना ती बाधा झाली होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये मेलबर्न येथे त्यांनी हा निबंध वाचला.

मातेला चार दिवसांत बरे करून सोडणारा आजार गर्भाचा एवढा घात करील, हे अनेकांना पटेना. ‘लॅन्सेट’ने १९४४ मध्ये हा सिद्धांत अद्याप सिद्ध झाला नसल्याचे म्हटले. हा आक्षेप निव्वळ दुराग्रहाचा नव्हता. ग्रेग यांचा शोध सदोष बालकांपासून मागे गेला होता; बाधा होऊनही ज्यांची मुले निरोगी जन्मली, त्या मातांची गणती त्यात नव्हती. परंतु ॲडलेडच्या चार्ल्स स्वान यांच्या पाहणीने दुजोरा दिला, बहिरेपणाचाही संबंध उघड झाला. १९५१ मध्ये संख्याशास्त्रज्ञ लँकेस्टर यांनी बधिरांच्या जन्मसालांचे जुने आकडे तपासले, तेव्हा ते साथींच्या सालांशी जुळले.

ग्रेग यांना १९५३ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. विषाणू प्रयोगशाळेत हाती लागला तो १९६२ मध्ये. १९६४-६५ च्या साथीनंतर अमेरिकेत सुमारे २०,००० बालके या व्यंगांसह जन्मली. ग्रेग १९६६ मध्ये निवर्तले. लस १९६९ मध्ये आली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती दाखल होण्यास २०१७ साल उजाडावे लागले.