पदे सोडणारे लोकनायक

संयुक्त महाराष्ट्रासाठी परळ-लालबागचा गिरणी कामगार रस्त्यावर उतरला, त्या काळात माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे राज्य पुनर्रचना आयोगापुढे स्वतंत्र विदर्भाची बाजू मांडत होते. मुंबईकरांच्या स्मरणात त्यांना फारशी जागा नाही, याचे हे एक कारण असावे.

२९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे जन्मलेल्या अण्यांनी यवतमाळला वकिली केली. ते टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. गांधीजींचा असहकार त्यांना पटला नाही. मात्र १९३० साली पुसद येथे जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करून ते तुरुंगात गेले. पुढे जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने घेतलेली तटस्थ भूमिका त्यांना मान्य झाली नाही. तेव्हा १९३४ मध्ये त्यांनी कार्यकारिणी सोडली आणि पंडित मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढला.

१९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. देश लढ्याच्या उंबरठ्यावर असताना सरकारात बसणे अनेकांना रुचले नाही, आणि तो आक्षेप गैरलागू म्हणता येत नाही. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण आरंभले आणि सरकार त्यांना सोडेना. तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला. ज्यांच्या मार्गाशी आयुष्यभर मतभेद राहिले, त्यांच्यासाठी हे पद गेले!

त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तेथे राहिले. चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न तेथे धुमसत होता. तो सुटला नाही. १९४८ च्या सिलोनच्या नागरिकत्व कायद्याने लाखो मजूर राज्यविहीन झाले. तोवर अणे बिहारचे राज्यपाल झाले होते. पाटण्यात मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान ज्या रस्त्यावर आहे, तो अणे मार्ग त्यांच्याच नावाचा.

महाराष्ट्र स्थापन झाल्यावरही त्यांनी विदर्भाचा आग्रह सोडला नाही. १९६२ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते काँग्रेसविरुद्ध अपक्ष म्हणून नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. टिळकांवर त्यांनी रचलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.